यो फुई

बासिलिया चोकेला स्पॅनिश शिकायची हौस नव्हती, गरज होती. तिचा एकुलता एक मुलगा रूफो किनाऱ्यावरच्या शहरात गेला, तिथे मासळीच्या कारखान्यात चिकटला आणि तिथल्याच एका मुलीशी संसार थाटून बसला. सून पहिल्यांदा सणाला डोंगरावर आली, तेव्हा अख्खा सण सासू-सुना एका चुलीपाशी बसून एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. हसून हसून गाल दुखले, पण शब्दाला शब्द लागेना. सुनेला डोंगरातली केचुआ बोली येत नव्हती आणि बासिलियाला केचुआखेरीज काही येत नव्हतं. परत निघताना सून ट्रकपाशी उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलली, डोळ्यांत पाणी आणून बोलली. बासिलियाने मान हलवली. ट्रक वळणाआड गेल्यावर तिच्या मनात आलं, आपण हो म्हटलं खरं, पण कशाला?

त्याच साली गावच्या शाळेत योवानाबाई आल्या. मुलांची शाळा झाली की रविवारी दुपारी बायकांना स्पॅनिश शिकवायचं, असं वरून ठरलं होतं. येणाऱ्या बाईला ओट्स आणि तेलाची बाटली मिळे. पहिल्या रविवारी सगळ्या तेलासाठी आल्या. नंतर तेल यायचं बंद झालं तरी येत राहिल्या, कारण तिथे बसून हसायला मिळायचं. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, हातात लोकर कातायची चाती फिरतच असायची, आणि बाई फळ्यावर एकेक शब्द लिहायच्या.

"'मी जाते' म्हणजे 'वोय'," एका रविवारी बाई म्हणाल्या. "'तू जातेस' म्हणजे 'वास'. आणि 'मी काल गेले' म्हणजे 'फुई'."

"थांबा बाई," शेजारची लुक्रेसिया म्हणाली. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. "'वोय'चं 'फुई' कसं झालं? रस्त्यात कुणी बदलून नेलं का?"

मराठी माणसाला यात नवल वाटायचं नाही. 'जाते' आणि 'गेले' त्याच्या तोंडी जन्मापासूनच असतात. पण केचुआत काल गेलं तरी शब्द तोच आणि उद्या जायचं तरी तोच, फक्त शेपूट बदलतं. त्या बायकांना तो प्रकार चक्क फसवणुकीचा वाटला.

"हे क्रियापद नियमात बसत नाही," बाई म्हणाल्या. "रोज तोंडात असतात ते शब्द असेच वेडेवाकडे होतात."

"सावत्र भावंडं असतील," बासिलिया म्हणाली. "एका घरात वाढली, पण तोंडावळा जुळत नाही."

बाईंना ते इतकं आवडलं की पुढच्या वेळी त्यांनी शाळेतल्या मुलांनाही तसंच सांगितलं.

नुसतं पाठ करून भागणार नाही, बोलायला हवं, असा बाईंचा हट्ट होता. त्या खिडकीकडे हात करून विचारायच्या, "क्येन फुए?" म्हणजे कोण गेलं होतं? नदीवर कोण गेलं, बाजारात कोण गेलं, देवळात कोण गेलं. जी गेली असेल तिने हात वर करून म्हणायचं, "यो फुई." मी गेले होते. ज्या कुठेच गेल्या नसतील त्यांनी गप्प बसायचं. लुक्रेसिया कुठेही गेलेली नसली तरी हात वर करायची आणि सगळ्या हसून लोळायच्या. बासिलिया मात्र तसं कधी करायची नाही. गेली असेल तरच हात वर. तिच्या जिभेवर ते दोन शब्द छान बसले होते. लोकरीच्या आल्पाकांच्या कळपामागे डोंगर चढताना ती ते पुटपुटायची. ट्रकवाल्याने विचारलं तेव्हा तिने बाजारात जाऊन आल्याचं त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर त्याने तिला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी पुढे बसवलं नव्हतं.

"हे 'फुई' आणखी कुठे लागतं का हो बाई?" लुक्रेसियाने एकदा विचारलं.

"लागतं. पण ते पुढच्या पेरणीनंतर," बाई म्हणाल्या. "आत्ता सांगितलं तर आलेलंही विसराल."

कोरड्या वाऱ्याचे दिवस आले. गवत पिवळं पडून काडीसारखं झालं. या दिवसांत लोक जुनं गवत पेटवतात, म्हणजे पाऊस पडला की कोवळं फुटतं. सरकारची बंदी आहे, पण पेटवतात. बासिलिया वरच्या माळावर कळप घेऊन होती, तेव्हा तिला खिंडीपलीकडे धूर दिसला. तो गवताचा पांढरा धूर नव्हता. काळा होता. पलीकडे सरकारी योजनेत लावलेलं पाइनचं बन होतं.

ती कळप तसाच सोडून धावली. बनाच्या राखणदाराची झोपडी एका अंगाने पेटली होती. राखणदाराचा पत्ता नव्हता, आणि त्याची घोडी खुंटाला बांधलेली, डोळे पांढरे करून उड्या मारत होती. बासिलियाने गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती ओढून ओढून घट्ट झालेली. शेवटी तिने कमरेच्या विळ्याने दोर कापला. मग पाठीवरची घोंगडी झऱ्यात बुडवून ती आगीवर मारत सुटली. हे शहाणपणाचं नव्हतं. एकट्या बाईने घोंगडीने रान विझत नाही. पण ती मारत राहिली, आणि झोपडीचं दार ओढून पाडताना तिचे दोन्ही तळवे भाजले. गावातले लोक फांद्या घेऊन धावत आले तोवर अर्धं बन गेलं होतं, झोपडी गेली होती आणि रोपांची कोठीही गेली होती.

लुक्रेसियाने तिच्या हातांवर किसलेला बटाटा बांधला. "म्हातारे, तुझ्या बापाचं होतं का ते बन?" ती म्हणाली.

"घोडी ओरडत होती," बासिलिया म्हणाली.

पोलीस आले ते काही दिवसांनी. योवानाबाई शिक्षकांच्या सभेसाठी शहरात गेल्या होत्या. शाळेच्या अंगणात सगळ्यांना उभं केलं. सार्जंट तरणा होता, किनाऱ्यावरचा, उंचीच्या हवेने त्याला धाप लागत होती. तो बराच वेळ बोलला. बासिलियाला ते पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ऐकू आलं. आवाज सगळा, वेचायला एक नाही. गावप्रमुख आन्सेल्मो मान डोलावत उभा होता. त्याला बाजारापुरतं स्पॅनिश येत होतं आणि गावाला वाटायचं की सगळंच येतं.

मग सार्जंटने आवाज चढवून विचारलं, "क्येन फुए?"

बासिलियाने मान वर केली. हे तिला कळलं. गारांच्या त्या माऱ्यातून तेवढे दोन शब्द तिच्यापुढे धड, अख्खे येऊन पडले होते. कोण गेलं होतं? तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी बोलेना. लुक्रेसिया गेली होती, आन्सेल्मोही गेला होता, तिचा दीर मेल्चोरही फांदी घेऊन पळत होता, मग सगळे जमिनीकडे का बघताहेत? लाजत असतील. मागे गारपिटीनंतर सरकारी माणसं आली होती, तेव्हा जे पुढे झाले त्यांना पांघरुणं मिळाली होती आणि लाजलेले तसेच राहिले होते. आणि तिची तर घोंगडी जळाली होती.

"क्येन फुए?" सार्जंटने पुन्हा विचारलं.

बासिलियाने फडकं बांधलेला हात वर केला.

"यो फुई," ती म्हणाली. अगदी स्पष्ट, बाई शिकवतात तसं.

आता हे सांगायला हवं. स्पॅनिशमध्ये 'जाणं' आणि 'असणं' ही दोन निराळी क्रियापदं आहेत, पण भूतकाळात दोन्ही एकच रूप घेतात. 'यो फुई' म्हणजे मी गेले होते. आणि 'यो फुई' म्हणजेच ती मीच, मीच केलं. सार्जंटने विचारलं होतं, आग कुणी लावली? अंगणात ज्यांना थोडंफार स्पॅनिश कळत होतं ते म्हणूनच जमिनीकडे बघत होते.

सार्जंट तिच्याजवळ आला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

"उस्तेद?" तुम्ही?

"सी," हो, बासिलिया म्हणाली. "यो फुई."

"सोला?"

हा शब्दही तिला येत होता. सोला, एकटी. नवरा गेल्यावर दवाखान्यातल्या नर्सने, ट्रकवाल्याने, सगळ्यांनी तिला हेच विचारलं होतं. आणि आगीपाशी पहिल्यांदा ती एकटीच तर होती.

"सोला," ती म्हणाली.

लुक्रेसियाने तिचं लुगडं मागून ओढलं. "गप, अगं गप बस," ती केचुआत पुटपुटली. बासिलियाला वाटलं, ही मत्सराने बोलते आहे.

आन्सेल्मो पुढे झाला. त्याला सांगायचं होतं की साहेब, ती आग विझवायला गेली होती. विझवणं हा शब्द त्याला आठवेना. जेवढं आलं तेवढं तो बोलला, "एय्या फुए, साहेब. एय्या फुए." ती गेली होती. पण सार्जंटने ऐकलं ते असं, हिनेच केलं, साहेब, हिनेच. आन्सेल्मो ते पुन:पुन्हा म्हणत राहिला, हात जोडून, आणि जितकं म्हणे तितकी तिची मान जास्त अडकत गेली.

मेल्चोर तोंडातली कोकाची पानं तंबाखूसारखी चघळत उभा होता. त्याने पानांचा बोळा दुसऱ्या गालात सरकवला.

तिला गाडीत बसवलं, तेव्हाही बासिलियाला नीट कळलं नव्हतं. तिने लुक्रेसियाला ओरडून सांगितलं, "कळप वर आहे, मेल्चोरला सांग आणायला." पांघरूण घेतल्यावर ते आपल्याला परत कसं सोडणार, एवढीच तिला चिंता होती.

शहरात एका खोलीत आणखी एका माणसाने तेच विचारलं आणि तिने तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात. टेबलावर बसलेल्याने ते टंकलं. दुभाष्याला बोलवायचं का, असं त्याने विचारलं म्हणे. सार्जंट म्हणाला, कशाला? बाई स्पॅनिश बोलते, मी स्वतः ऐकलंय, साऱ्या गावासमोर. भाजलेल्या तळव्यांचं फडकं सोडून त्यांनी तिचा अंगठा उठवून घेतला. अंगठ्याची साल निघाली होती, ठसा नीट उमटेना, तेव्हा दुसऱ्या हाताचा घेतला. मग तिला बायकांच्या तुरुंगात नेलं.

योवानाबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या केचुआ अडखळत बोलायच्या, आईकडून ऐकलेली, घरातली. त्या अडखळत्या बोलीतच त्यांनी बासिलियाला तो शब्द दुसऱ्या अंगाने उलगडून दाखवला. बासिलिया ऐकत राहिली. मधे तिने तोंडावर हात ठेवला.

"मी चुकीचं बोलले का, बाई?" शेवटी तिने विचारलं.

"नाही, आई. बरोबर बोललात. एक अक्षर चुकलं नाही."

"मग त्यांनी चुकीचं ऐकलं?"

"त्यांनीही बरोबरच ऐकलं."

"म्हणजे कुणीच चुकलं नाही," बासिलिया म्हणाली.

"मी सांगायला हवं होतं. लुक्रेसियाआईने विचारलं होतं मला."

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी हात वर केला असता. मला काय कळत होतं तो काय विचारतो ते."

बाई सार्जंटकडे गेल्या होत्या. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मला व्याकरण शिकवायला आलात का? ती बोलली, मी लिहिलं." सरकारी वकिलाकडे गेल्या, तर तो म्हणाला की पकडलेल्या प्रत्येकाला नंतर वेगळंच म्हणायचं असतं. शिक्षणखात्याच्या साहेबाने त्यांना बोलावून सांगितलं, की नोकरी नवी आहे, जपून राहा. नव्या वर्षात त्यांची बदली झाली. जाण्याआधी एकदा त्या येऊन गेल्या. लोकर आणि चाती घेऊन आल्या. पहारेकरणीने चाती आत नेऊ दिली नाही, टोक आहे म्हणून.

पावसाळा लागला तेव्हा सून आली, येसेनिया. रूफोला कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. तिने तळलेली मासळी कागदात गुंडाळून आणली होती. एवढ्या वाटेत ती मऊ पडली होती, पण मासळीच होती. भेटीच्या अंगणात दोघी एका बाकावर बसल्या. येसेनिया सासूचे हात हातात घेऊन, तळवे उलटेपालटे करून बघत होती. मग तिने काहीतरी विचारलं. सोपंच असणार. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारत होती.

बासिलियाला त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला. ओळखीचे शब्दच वाईट. तिने ओठ मिटून घेतले. येसेनियाने पुन्हा विचारलं. बासिलिया मान हलवणार होती, तोच थांबली. हो म्हटलं तर कशाला हो होईल कुणास ठाऊक, नाही म्हटलं तरी तेच. ती मान ताठ धरून बसून राहिली, फोटोला बसावं तशी. येसेनियाला वाटलं, सासू आपल्यावर रागावली आहे. ती रडू लागली. बासिलियाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढंच. वेळ संपली तेव्हा मासळीचा कागद दोघींच्या मधे न उघडता तसाच होता.

सुनावणीला अखेर दुभाषा आला. योवानाबाईंनी जाण्याआधी केलेल्या अर्जांपैकी एक कुठेतरी पोचला होता. दुभाषा म्हातारा होता, दुसऱ्या खोऱ्यातला, त्याच्या केचुआचे हेल वेगळे होते, पण कळत होतं. न्यायालयात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी वळून बोललं. "आई, काय झालं ते सांगा, सावकाश." मग ती बोलत सुटली. धूर, घोडी, दोराची गाठ, विळा, घोंगडी, दार. एवढे महिने आत साठलेलं सगळं. दुभाष्याने ते बरंच आखूड करून सांगितलं, कारण न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते.

"ती म्हणते, ती तिथे गेली होती," दुभाषा म्हणाला.

"मग तेव्हाच 'मी गेले होते' असं का नाही म्हणाली?" सरकारी वकिलाने विचारलं.

"साहेब," दुभाषा म्हणाला, "तेच म्हणाली ती."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनीही मिशीवर बोट ठेवलं. बासिलिया एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. काय झालं ते तिला दुभाष्याने सांगितलं नाही. राखणदाराला बोलावलं होतं. घोडी सुटली कशी, हे मला माहीत नाही, असं तो म्हणाला. पण दोर कापलेला होता का, असं खोदून विचारल्यावर, कापलेला होता, असं म्हणाला. आपण त्या वेळी कुठे होतो हे त्याला सांगायचं नव्हतं. एवढ्यावर न्यायाधीशांनी तिला सोडलं. सोडलं म्हणजे मोकळं केलं असं नाही. खटला चालू राहणार, तारखेला येऊन अंगठा द्यायचा, गाव सोडून जायचं नाही. अंगठा दिलेला जबाब तसाच राहणार, कारण तो एकदा दिलेला होता. दुभाष्याने हे तिला नीट समजावलं.

"म्हणजे मी लावली की नाही लावली?" तिने विचारलं.

"ते अजून ठरायचं आहे, आई," तो म्हणाला, आणि पुढच्या खटल्यासाठी गेला.

ती गावात आली तेव्हा माळ हिरवागार झाला होता. जिथे गवत जळलं होतं तिथे सगळ्यांत हिरवा. लुक्रेसियाने दारातच तिला धरलं, चुलीपाशी बसवलं, सूप दिलं. बराच वेळ ती तुरुंगातल्या जेवणाबद्दल विचारत राहिली, नको तितकं. मग तिची जीभ सुटली.

"मेल्चोरने पेटवलं होतं," ती खाली बघून म्हणाली. "त्याच्या कुंपणापासचं गवत. वारा फिरला. सगळ्यांना ठाऊक होतं."

"तुलाही?"

"मलाही."

बासिलियाने सूप संपवलं. वाडगं पालथं घालून ठेवलं. "त्या दिवशी तू लुगडं ओढलंस माझं," ती म्हणाली.

"ओढलं. आणखी काय करणार होते? त्याला चार पोरं आहेत."

दुसऱ्या दिवशी ती मेल्चोरकडे गेली. कळप त्याच्या दगडी कुंपणाच्या वाड्यात होता, त्याच्या जनावरांत मिसळलेला. तो अंगणात चाबूक वळत बसला होता. तिला बघून उठला, टोपी काढली.

"वहिनी," तो म्हणाला. "थंडीत बरीच पिलं मेली. बघायला कुणी नव्हतं. मी एकटा किती बघणार?"

ती वाड्यात शिरली. जनावरांच्या कानांत खुणेचे लोकरीचे गोंडे असतात. तिचे पिवळे होते, नवऱ्याच्या हातचे. आता जिकडेतिकडे लाल गोंडे होते, मेल्चोरचे. काहींच्या कानाला नवीन भोक होतं, अजून न भरलेलं.

"गोंडे बदलले तुम्ही," ती म्हणाली.

"तू परत येशील असं कुणाला वाटलं होतं?" तो म्हणाला. आवाज कठोर नव्हता, उलट कसनुसा होता. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस. साऱ्या गावासमोर."

बासिलिया त्याच्याकडे बघत उभी राहिली. ही तिची स्वतःची बोली होती. तिच्यात तिला सगळे शब्द येत होते; शिव्या येत होत्या, शाप येत होते, गावाला गोळा करून काय म्हणायचं तेही येत होतं. मेल्चोर टोपी हातात फिरवत वाट बघत होता. आतून त्याचं धाकटं पोर रडत होतं आणि त्याची बायको त्याला चूप करत होती.

ती वाड्याच्या दगडी फटीपाशी जाऊन उभी राहिली आणि जिभेने टाळूवर आवाज केला, ती नेहमी करते तसा. काही माना वर झाल्या. दोन म्हाताऱ्या माद्या आणि एक काळी तिच्याकडे चालत आल्या, त्यांच्या मागून आणखी काही. बाकीच्या जागेवरच उभ्या राहून रवंथ करत होत्या. त्यांतल्या कुठल्या तिच्या आणि कुठल्या त्याच्या, हे तिलाही आता नक्की सांगता येईना. तिने पुन्हा आवाज केला. आणखी एक आली, वाटेत थांबली आणि परत फिरली.

जेवढ्या आल्या तेवढ्या घेऊन ती माळाच्या वाटेला लागली. पाऊस पडून वाट निसरडी झाली होती, आणि तळव्यांची नवी कातडी ताणत असल्याने तिला काठी घट्ट धरता येत नव्हती.